माणूस किती सेकंद थांबतो

२ सप्टेंबर, सोमवार. पहाटे.

आजपासून रोज अर्धा तास नामस्मरण. घड्याळाकडे न बघता. बसलो. मन लगेच शांत झालं. इतकं शांत, की अर्धा तास नक्की झाला असणार म्हणून उठलो. चार मिनिटं झाली होती. ज्याला चार मिनिटांत अर्ध्या तासाचं समाधान मिळतं त्याने उगाच बसून राहू नये. बाकीची सव्वीस मिनिटं उद्यात जमा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब माझ्याहून बरेच लहान. मी त्यांना अहोजाहो करतो, ते मला काका म्हणतात, म्हणजे फिट्टंफाट. नवं काम आलंय. डोळ्यांच्या सरकारी दवाखान्याची वेबसाइट. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळवायला लोक आजवर दवाखान्याच्या फाटकाबाहेर रांग लावत. आता सोळा तारखेला सकाळी नऊ वाजता पुढच्या तीन महिन्यांच्या सगळ्या तारखा साइटवर खुल्या होणार. गर्दीत साइट टिकेल का, ते आम्ही आधी बघायचं. त्यासाठी साइटवर खोटी माणसं सोडायची. खोटी माणसं म्हणजे प्रोग्राम. ती पान उघडतात, थांबतात, बटण दाबतात, पुन्हा थांबतात.

ती किती थांबतात, हे मी ठरवायचं. इंग्रजीत याला थिंक टाइम म्हणतात. साहेब म्हणाले, काका, हे तुम्हीच करा, तुमच्याइतका शांत माणूस ऑफिसात नाही.

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आतच मी हो म्हटलं.

आणि देवाची योजना बघा. आईलाही याच साइटवर तारीख घ्यायची आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. पोथीतली अक्षरं तिला मुंग्या चालल्यासारखी दिसतात, म्हणून रोज संध्याकाळी मी वाचून दाखवतो. डॉक्टर म्हणालेत, यावेळी तारीख घ्याच, आणखी तीन महिने काढाल तर एक डोळा हातचा जाईल. आई म्हणाली, मिळेल तेव्हा मिळेल. मी म्हटलं, मिळेल तेव्हा नाही, सोळा तारखेला नऊ वाजता.

३ सप्टेंबर, मंगळवार.

नामस्मरण नाही. कालची सव्वीस आणि आजची तीस, एवढ्या मोठ्या बैठकीला सकाळ अपुरी पडते. रविवारी एकदम करीन.

ऑफिसात मूलभूत चिंतन. साइटच्या पहिल्या पानावर सूचना असणार. त्या लिहायचं कामही माझ्याकडेच, कारण माझं मराठी गावच्या शाळेतलं, शुद्ध. अकरा सूचना लिहिल्या. पाच पुरे होत्या, पण सुचत गेलं. मग स्वतः वाचून वेळ मोजला: दीड मिनिट. त्याप्रमाणे आकडे घातले. माणूस पान उघडतो, अकरा सूचना वाचतो, दीड मिनिट. पेशंटची जन्मतारीख आठवतो, वीस सेकंद. बटण दाबण्याआधी मनात देवाचं नाव घेतो, पाच सेकंद. नास्तिकांचे पाच सेकंद कापण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्यांनीही घ्यावं.

शेजारच्या टेबलावरची मुलगी आकडे बघून हसली. आमच्या दोघांच्याच टीममधली दुसरी. दिवसभर हातातलं पेन टिकटिकवत असते, म्हणून मी तिला मनात पेनवाली म्हणतो. म्हणाली, काका, सूचना कोण वाचतं हो? मी म्हटलं, माणसं वाचतात. म्हणाली, मग ती माणसं मला भेटली नाहीत अजून. आजच्या पिढीला माणसं भेटतातच कुठे.

घरी येताना लिफ्टचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बटण सैल आहे, दाबलेलं कळत नाही, म्हणून आणखी थोडं दाबलं. आमची ही मागे भाजीची पिशवी घेऊन उभी होती. म्हणाली, लिफ्ट येतेय की तिला गुदगुल्या करताय?

तांत्रिक गोष्टी हिला समजावून सांगण्यात अर्थ नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार.

पेनवालीने चूक काढली. म्हणजे तिला चूक वाटली. माझी सगळी खोटी माणसं बरोबर सारखाच वेळ थांबतात आणि मग एकदम, एकाच क्षणी बटण दाबतात. म्हणाली, काका, ही माणसं आहेत की कवायत? खरी माणसं कमी-जास्त थांबतात.

मला तर ते दृश्य फार सुंदर वाटलं. गावची शाळा आठवली. प्रार्थनेला सगळी मुलं एकदम बसत, एकदम उठत. पाण्याच्या माठापाशी गुरुजींची घंटा झाल्याशिवाय कुणी जात नसे. घंटा झाली की शिस्तीत जात असू. माठ दोन-तीनदा फुटले, ते माठ कच्चे म्हणून. दाराची चौकट निखळली होती, ती वाळवीमुळे. मला खोक पडली ती मात्र कशामुळे, आता आठवत नाही.

तरी तिच्या समाधानासाठी प्रत्येक माणसाला एक सेकंद अलीकडे-पलीकडे होण्याची मुभा दिली. माणसाला एवढं स्वातंत्र्य पुरे.

६ सप्टेंबर, शुक्रवार.

आजचा वाद: नऊ वाजता किती माणसं आत सोडायची. मी तासभरात हळूहळू सोडली. कुणी अंघोळीला गेलेलं असतं, कुणी चहा घेत असतं. पेनवाली म्हणाली, सगळी नऊच्या ठोक्याला येतील, फाटकाबाहेर पहाटेपासून उभी असतात ना? मी म्हटलं, ती रांग होती. रांगेत माणसाला पुढच्याची पाठ दिसते, म्हणून घाई सुटते. घरी बसलेला माणूस कुणाची पाठ बघणार?

ती पेन टिकटिकवत राहिली.

संध्याकाळी आईला पोथी वाचून दाखवली. मध्ये फोनवर पार्सल कुठवर आलं ते बघायचं होतं, त्यामुळे दोन पानं एकदम उलटली. आईला कुठे दिसतंय. देवाला सारांश चालतो.

९ सप्टेंबर, सोमवार.

रविवारी नामस्मरण राहिलं. पार्सल येणार होतं. ते ज्या नकाशावर दिसतं तो सारखा उघडून बघावा लागतो, नाहीतर पार्सलवाला भरकटतो.

साइट बंद पडलीच तर काय दाखवायचं, त्या पानाचा मजकूर लिहिला. पेनवालीने नुसतं ‘साइट बंद आहे’ असं लिहिलं होतं. किती कोरडं. मी लिहिलं: ‘कृपया शांत राहा. घाईने काहीही साध्य होत नाही. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ साहेब म्हणाले, वा काका, वाचूनच बरं वाटतं. हे पान दिसल्यावर खोटा माणूस पंधरा मिनिटांनी परत येईल, असं घातलं. थोडा वेळ म्हणजे पंधरा मिनिटं. पेनवाली म्हणाली, पंधरा सेकंद म्हणा. मी म्हटलं, तू सगळ्यांना स्वतःसारखं समजू नकोस.

घरी मायक्रोवेव्हवरून कटकट. हिचं म्हणणं, त्यावरचं घड्याळ कधी दिसतच नाही, सदा उरलेले सेकंद लुकलुकत असतात, कारण मी तो संपायच्या आत दार उघडतो. शेवटच्या दहा सेकंदांत अन्न नवीन काही गरम होत नाही, हे विज्ञान आहे. म्हणाली, मग दहा सेकंद कमी लावा. लावले होते एकदा. त्यातलेही शेवटचे दहा निरर्थक निघाले.

११ सप्टेंबर, बुधवार.

आज मोठी टेस्ट. हजारो खोटी माणसं आत सोडली. सूचना वाचत, देवाचं नाव घेत, एकमेकांना वाट देत आत गेली. सगळे आलेख हिरवे. साइटला घामसुद्धा फुटला नाही. डोळे भरून आले. असं जग हवं.

पेनवाली साहेबांना म्हणाली, मला एक टेस्ट वेगळी करू द्या. सगळी एकदम सोडते, आणि कुणीच थांबत नाही असं घालते. मी सांगितलं, जो थांबत नाही तो माणूस नव्हे, तो हल्ला. साहेबांनी एकदा हिरव्या आलेखाकडे बघितलं, एकदा कॅलेंडरकडे. दवाखान्याला रिपोर्ट उद्या द्यायचा होता. म्हणाले, काकांच्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो.

डोळ्यांच्या दवाखान्याचंच काम असल्यामुळे ते वाक्य मला विशेष भावलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार.

आईचे डोळ्यांचे थेंब आणायला औषधाच्या दुकानात गेलो. नंबर घेऊन बसायचं असतं. बसलो. नंबराच्या मशीनवर माझा विश्वास नाही, म्हणून दोनदा काउंटरवर जाऊन चालू नंबर कुठला ते विचारलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, काका, तुमचा नंबर मला पाठ झालाय, तुम्हीही करा. मागची बाई फिदीफिदी हसली. लोकांना वाट बघण्याचं वळणच नाही. सारखे हसत काय असतात.

आईने विचारलं, सोमवारी मिळेल ना रे? ती असं कधी विचारत नाही. मी म्हटलं, साइट मी तपासलीय. ती म्हणाली, मग मिळेल.

१६ सप्टेंबर, सोमवार. सकाळी साडेआठ.

मन अत्यंत शांत. समोर लॅपटॉप. ऑफिसातून उशिरा येण्याची परवानगी घेतली आहे. नऊपर्यंत नामस्मरण.

८.३४. नामस्मरण झालं.

८.४०. साइट उघडून बघितली. नऊला उघडेल, असं पान दिसतंय. बरोबर.

८.४१. अजून बरोबर.

८.५५. खबरदारी म्हणून हिच्या फोनवर, आईच्या फोनवर आणि जुन्या टॅबवरही साइट उघडून ठेवली. ही म्हणाली, आई एक, डोळे दोन, यंत्रं चार. दुर्लक्ष केलं.

९.००. उघडली! अकरा सूचना दिसल्या. माझ्याच असल्यामुळे वाचल्या नाहीत. बटण दाबलं.

९.००, पण थोडं नंतर. काही होत नाही. पुन्हा दाबलं. चारही ठिकाणी दाबलं.

९.०१. ‘कृपया शांत राहा. घाईने काहीही साध्य होत नाही.’ पान ताजं केलं. ‘कृपया शांत राहा.’ ताजं केलं. ‘कृपया शांत राहा.’ कुणी लिहिलंय हे?

९.१०. ‘कृपया शांत राहा.’

९.२०. ही मागे उभी राहून पडद्यावरचं मोठ्याने वाचतेय. प्रत्येक वेळी वेगळ्या चालीत.

९.४०. बोटाला गोळा आला. डाव्या हाताने चालू.

११.००. दवाखान्याने साइट बंद केली. एकालाही तारीख मिळालेली नाही. आई खिडकीपाशी बसली होती. म्हणाली, यंत्र दमलं असेल, राहू दे आज. मग थोड्या वेळाने तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले आणि तशीच बसून राहिली.

१७ सप्टेंबर, मंगळवार.

ऑफिसात सुतकी वातावरण. साहेब म्हणाले, काका, सगळं शहर नऊच्या ठोक्याला आलं, एकानेही सूचना वाचली नाही आणि साइट बंद पडल्यावर लोकांनी बटणं दाबून दाबून तिला उठूच दिलं नाही. मी म्हटलं, लोकच तसे, मी काय करू? माझे आकडे बरोबर होते, माणसं चुकली. साहेबांनी कॅलेंडर पुढे ओढलं. आता तेवीस तारखेला पुन्हा नऊला उघडणार, तोवर सगळं नीट हवं. आकडे या वेळी पेनवाली ठरवणार.

मी मोठ्या मनाने मान्य केलं. अनुभव घ्यावा तिनेही.

दुपारी ती म्हणाली, काका, जरा मदत करा, खरा माणूस किती थांबतो ते मोजायचंय. मुद्दाम संथ केलेली साइट दिली, म्हणाली, तुमच्या आईंची तारीख घेताय असं समजा. मी बसलो. आपलं नेहमीचं, सावकाश, समजून-उमजून. ती शेजारी बसून पेन टिकटिकवत होती. माझ्या प्रत्येक दाबण्याला एक टिक. थोड्या वेळाने म्हणाली, पुरे काका, पेन गरम झालं.

२० सप्टेंबर, शुक्रवार.

आनंदाची बातमी. पेनवालीने नव्या खोट्या माणसाला माझं नाव दिलंय. स्क्रीनवर स्पष्ट लिहिलंय: काका. एवढा आदर आजकाल कोण करतं. हा काका सूचना वाचत नाही, चार खिडक्या उघडतो, पान दिसेपर्यंत बटण सोडत नाही आणि ‘शांत राहा’ दिसलं की दुप्पट वेगाने दाबतो. स्वभाव वेगळा आहे, पण नाव माझंच.

असे हजारो काका तिने एकदम आत सोडले. साइट जागच्या जागी आडवी. साहेब म्हणाले, अगदी सोमवारसारखी! सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, का ते सांगता येत नाही.

मग दुरुस्त्या. येणाऱ्यांना आता आधी बाहेरच्या पानावर रांगेत बसवणार, पाळी आली की आपोआप आत घेणार. आणि एकाच घरातून फार वेळा बटण दाबलं गेलं तर त्या घराचं इंटरनेट दहा मिनिटं बाहेर ठेवणार. माझ्या मते हा जनतेचा अपमान आहे. पण असतात घाईगर्दीचे लोक, त्यांना हवाच असा नियम.

संध्याकाळी पुन्हा सगळे काका सोडले. साइट उभी राहिली.

२३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी.

८.५९. फक्त एकच लॅपटॉप. फक्त एकदाच दाबणार. आईची शपथ घेणार होतो, पण तिला मध्ये कशाला आणा.

९.००. दाबलं. ‘तुम्ही रांगेत आहात’ असं आलं. उत्तम.

९.००, पण थोडं नंतर. रांग पुढे सरकते का, ते बघायला पान ताजं केलं. नुसतं बघायला.

९.०१. थोडं अजून बघितलं. टॅबवरूनही बघितलं.

९.०२. ‘तुमच्याकडून फार वेळा बटण दाबलं गेलं आहे. दहा मिनिटांनी या.’ पेनवालीचं लेखन. ‘कृपया’सुद्धा नाही.

९.०३. दहा मिनिटांत तारखा संपतील. हिला ओरडून सांगितलं, आपलं घर बाहेर काढलंय! ही म्हणाली, आपलं घर नाही, तुम्हाला. आणि स्वतःचा फोन घेऊन, घरचं वायफाय बंद करून, फोनच्या नेटवर जिन्यात जाऊन बसली. तिथेच तिला रेंज येते.

९.०६. मी दारातून: झालं का? ही: रांगेत आहे. मी: दाब ना! ही: काय दाबू? दाबायला काही नाहीये, बसायचंय नुसतं.

९.०९. तिची पाळी आली. फोन घेऊन वाचत बसलीय. अकराच्या अकरा. ओठ हलवत. मी जिन्यात दोन पायऱ्या खाली, दोन वर. म्हटलं, अगं, बटण खाली आहे! म्हणाली, सातव्या सूचनेत लिहिलंय, पेशंटचं कार्ड आधी हातात घ्या, नाहीतर अर्ज परत पहिल्यापासून. आणा आईंचं कार्ड. बरं झालं लिहिलं कुणीतरी.

मी म्हटलं, मीच लिहिलंय.

म्हणाली, मग वाचलं नाहीत होय?

९.१२. मिळाली. पुढच्या महिन्याची नऊ तारीख. बटण दाबण्याआधी हिने डोळे मिटून पाच सेकंद देवाचं नाव घेतलं. मी मोजत नव्हतो. पण पाचच.

म्हणजे मी म्हणत होतो तसा माणूस असतो. ऑफिसात जाऊन पेनवालीला हे सांगितलं पाहिजे. फक्त कोण, ते विचारलं तर विषय बदलायचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात.

आईला तारीख सांगितली. तिने हिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणाली, तूही फार दाबलंस म्हणे. मग पोथी घेऊन बसलो. तिसरा अध्याय संपवून पान उलटलं, पुढे वाचायला लागलो.

आई म्हणाली, चौथा राहिला.

मी म्हटलं, पान चिकटलं असेल. म्हणाली, रोज चिकटतं. सगळी पोथी मला पाठ आहे रे, लग्नाआधीपासून.

मी विचारलं, मग मला कशाला वाचायला लावतेस? म्हणाली, तेवढाच एका जागी बसतोस. मी म्हटलं, आणि पाठ आहे तर ऑपरेशन तरी कशाला? म्हणाली, पानं गाळताना तुझं तोंड कसं होतं, ते बघायचंय एकदा.

ही स्वयंपाकघरातून एवढ्या जोरात हसली की झाकण पडलं.

संकल्प: ऑपरेशन होईपर्यंत रोज एक अध्याय पूर्ण, एकही ओळ न गाळता. आईने पद्धत घालून दिली. तिने बोट खाली केलं की वाचायचं, वर केलं की थांबायचं. ओळीचा अर्थ मनात उतरेपर्यंत थांबायचं असतं म्हणे. किती वेळ, असं विचारलं. उतरेपर्यंत, म्हणाली.

चौथ्या अध्यायाची पहिली ओळ वाचली. बोट वर गेलं.

थांबलोय. मन अत्यंत शांत. बोट अजून वरच आहे, म्हणून तेवढ्यात हे लिहून घेतलं.

आई म्हणाली, पेन ठेव खाली. ऐकू येतंय मला.